हक्काचं लेकरू

प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी मी बायकांना एक काम देते. मुलांना तुम्ही ज्यानं मारता ती वस्तू उद्या घेऊन या, असं सांगते. "आमी मारतच न्हाई मॅडम," सगळ्या एका सुरात म्हणतात आणि एकमेकींकडं बघत पदर तोंडाला लावतात. मग मी पिशवीतून एक लाकडी फूटपट्टी काढून टेबलावर ठेवते. ही माझ्या तात्यांची, म्हणते. ते शाळामास्तर होते आणि मी त्यांच्याच वर्गात होते. ही पट्टी माझ्या हातावर बसली, पायावर बसली, एकदा करंगळीवर अशी बसली की ती अजून वाकडी आहे. करंगळी मी सगळ्यांना दाखवते. दुसऱ्या दिवशी टेबल भरतं.

आटपाडीच्या त्या प्रशिक्षणातही भरलं. चिंचेचा फोक आला, लाटणं आलं, खिचडी हलवून दांडा वाकलेलं उलथणं आलं. एकीनं ठिबकच्या काळ्या नळीचा हातभर तुकडा आणला होता. डाळिंबाच्या बागांचा मुलूख, तिथं नळीला काय तोटा. नळी लवते, वळ उठवते पण कातडी फोडत नाही, त्यामुळं घरच्यांची तक्रार येत नाही, असं तिनं मला समजावून सांगितलं. स्वयंपाकाची युक्ती सांगावी अशा आवाजात सांगितलं. मी ती नळी हातात घेऊन स्वतःच्या पोटरीवर एक मारून बघितली. दोन दिवस चालताना कळ येत होती.

माझं काम सांगायला सोपं आहे. तीन ते सहा वर्षांची पंचवीस-तीस मुलं एका खोलीत हात न उगारता कशी सांभाळायची, ते मी सातारा-सांगलीकडच्या अंगणवाडी सेविकांना शिकवते. आवाज चढवायचा नाही, उलट खाली आणायचा. मुलाशी बोलताना त्याच्या उंचीला बसायचं. 'पळू नको' म्हणण्यापेक्षा 'चालत ये' म्हणायचं. पुढं काय होणार ते आधी सांगायचं, म्हणजे खेळणी आवरताना रडारड होत नाही. आणि वर्ग हाताबाहेर चालला की स्वतःचे दोन्ही हात डोक्यावर ठेवून गप्प उभं राहायचं. एक मूल बघतं आणि तसंच करतं, मग दुसरं, मग सगळीच. हे शिकवणारी मी एवढी तापट आहे की साताऱ्यात दोन रिक्षावाले मला बघून गाडी वळवतात. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं माझा भाऊ म्हणतो. त्याचं खरं आहे.

बायका काही मुकाट ऐकून घेत नाहीत. "मॅडम, ते पोरगं नाकात वाटाणा घालतंय, तवा मी गुडघ्यावर बसून त्येच्याशी गप्पा मारू व्हय?" एकीनं विचारलं आणि खोली हसून हसून दमली. दुसरी, वयानं मोठी, म्हणाली, "मार खाल्ल्याबिगर मानूस घडत न्हाई. माझ्या सासूनं मला चुलीतल्या जळत्या लाकडानं हानलंय. घडलेच न्हवं मी?" तिनं बाही वर सारली. कोपराच्या वर कातडी गोळा होऊन चकाकत होती. मी विचारलं, "त्या मारानं काय शिकलात, मावशी?" तिनं खरंच विचार केला. "लाकूड कुठं ठिवलंय ते आदी बघायला," म्हणाली.

टेबलावर काही न ठेवलेली एकच बाई होती. चाळिशीची, सडपातळ, मागच्या भिंतीला टेकून बसलेली. मी तिच्यापुढं जाऊन उभी राहिले तेव्हा तिनं दोन्ही तळवे उघडून दाखवले. "मी कुनाच्या लेकराला हात लावत न्हाई," म्हणाली. मला वाटलं, ही आली पुढं-पुढं करणारी. पण बाकीच्या सगळ्या माना हलवायला लागल्या. खरं हाय मॅडम, तिच्या अंगनवाडीत टाचणी पडली तर ऐकू येतंय. त्यांच्या पर्यवेक्षिकेनंही चहाच्या वेळी तेच सांगितलं. म्हणाली, एकदा बघाच जाऊन, तुम्ही जे तीन दिवस शिकवता ते ती आधीपासूनच करते आहे. मला आनंद झाला, आणि थोडा हेवाही वाटला.

तात्यांबद्दल इथंच सांगते. मेढ्याच्या बाजूला डोंगरातल्या एका गावी ते मास्तर होते. दोन खोल्यांची शाळा, आणि चारी वर्ग त्यांच्या एकट्याच्या गळ्यात. घरी ते कधी हात उगारायचे नाहीत. माझी वेणी घालायचे, भाकरीवरचा पापुद्रा मला काढून द्यायचे. शाळेत गेलं की ते वेगळेच व्हायचे. वर्गात गोंधळ झाला की पट्टी घेऊन सरळ माझ्याकडं यायचे आणि मारायचे, मी पाढे लिहीत असले तरी. ज्या दिवशी करंगळी मोडली त्या दिवशी मागच्या रांगेतली दोन दांडगी पोरं एकमेकांच्या उरावर बसली होती, आणि मी तर खिडकीपाशी होते. घरी आल्यावर आईनं हळद लावली. तात्या दुसऱ्या खोलीत बसले होते, ते बाहेर आले नाहीत. मी अशी समजूत करून घेतली की माझ्यात काहीतरी खोट आहे, जी मला दिसत नाही पण तात्यांना दिसते. ती समजूत माझ्या लग्नापर्यंत, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही, माझ्याबरोबर राहिली.

प्रशिक्षण संपल्यावर एका सकाळी मी त्या बाईच्या गावी गेले. आटपाडीपासून जीपनं थोडं आत, दोन्ही बाजूंना बागा, मधूनच मेंढरांचे कळप. अंगणवाडीची खोली स्वच्छ होती. भिंतीवर फळं-भाज्या रंगवलेल्या, सतरंजीवर पोरं रांगेनं बसलेली. मदतनीस दारापाशी उद्याच्या खिचडीचे तांदूळ निवडत होती. सतरंजीच्या कडेला, फरशीवर, सेविकेच्या पायाजवळ एक चारेक वर्षांची मुलगी बसली होती. नाक-डोळे सेविकेचेच. "माझी हाय," ती म्हणाली. "लय वर्सांनी झाली. नवसाची." नवरा परमुलखात, सोनं-चांदी गाळायच्या दुकानात. घरात म्हातारं माणूस कुणी नाही, म्हणून पोर आईबरोबरच असायची.

गाणं झालं, अंक झाले. मग पुढच्या रांगेतल्या एका गुबगुबीत पोरानं शेजारच्याच्या डोक्यात पाटी घातली. तो भोकाड पसरून रडायला लागला, चार-पाच उठली, ओरडाआरडा सुरू झाला. मी वही उघडून बसले, आता ही काय करते ते बघायला. सेविका म्हणाली, "कोन दंगा करतंय?" आणि खाली वाकून स्वतःच्या मुलीला दंडाला धरून उठवलं आणि तिच्या थोबाडीत मारली. साधी चापट नव्हती ती. पोरीचं डोकं भिंतीकडं फिरलं आणि कानातलं निघून फरशीवर पडलं. खोली गप्प झाली. पाटी घालणारं पोरगं मांडी घालून, हाताची घडी घालून बसलं. मुलगी रडली नाही. तिनं कानातलं उचललं आणि आईच्या हातात दिलं.

मला वाटलं, माझं काहीतरी चुकतंय, आधी हिनं काहीतरी केलं असणार. थोड्या वेळानं खिचडीच्या रांगेत पुन्हा ढकलाढकली झाली. तेच गुबगुबीत पोरगं होतं. या वेळी सेविकेनं कुणाला हाक मारायच्या आतच मुलगी आपली ताटली खाली ठेवून आली. आईसमोर उभी राहिली, डोळे मिटले आणि गाल वर केला. डाव्या गालावर आधीची बोटं उठलेली होती, म्हणून तिनं उजवा पुढं केला.

आईचा हात वर गेला. मी उठून तो मनगटात पकडला. एवढ्या जोरात पकडला की दोन बांगड्या पिचल्या आणि काच माझ्या तळव्यात घुसली. तिला ढकलत-ढकलतच मी खोलीबाहेर नेली, पत्र्याच्या शेडखाली. मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तुम्ही आई आहात का कोण आहात, हे एक वाक्य त्यात होतं. माझा हात उठला होता, हेही खरं. मुलांना मारू नका म्हणून सांगत फिरणारी बाई एका सेविकेला मारायला निघाली होती आणि दारातून मदतनीस तांदळाचं सूप धरून बघत होती.

सेविका मला थांबवायच्या भानगडीत पडली नाही. मी दमल्यावर म्हणाली, "झालं? आता माजं ऐका." मग तिनं सांगितलं. ती नवीन लागली होती तेव्हाची गोष्ट. गावात दोन भावक्या, आणि त्यांचं पाण्यावरून, बांधावरून, जत्रेतल्या मानावरून कायमचं वाकडं. हिचं घर दोन्हींत मोडत नव्हतं. हिनं एका भावकीतल्या पोराला चिमटा काढला. संध्याकाळी माणसं आली. आमच्या लेकराला हात लावणारी तू कोन? दगड पडले, कुकरचं झाकण चेपलं, जत्रेला म्हणून गावी आलेल्या तिच्या नवऱ्याला अंगणात पाडून तुडवलं. त्याचे पुढचे दोन दात गेले. माणसं गेल्यावर नवऱ्यानं दाराला कडी लावली आणि तुझ्यापायी झालं म्हणून तिला पट्ट्यानं मारलं. ती म्हणाली, "ती मानसं त्या पोराला घरी गुरावानी मारत्यात बरं का. पर ती त्येंची. दुसऱ्यानं बोट लावायचं न्हाई."

"मग तुमची मुलगी?" मी विचारलं.

"ती हक्काची. तिला मारलं तर ईचारायला कोन येनार हाय?" ती पदराच्या टोकानं मनगटाचं रक्त पुसत होती. "लेकी बोले सुने लागे म्हंत्यात, न्हवं का? एकीला बसली की बाकीची समजून घेत्यात. मला गोड वाटतंय व्हय मॅडम? पर नोकरी सुटली तर ह्या पोरीला खायला कोन घालनार?"

परतीच्या जीपची वाट बघत मी फाट्यावर बसले होते. तळव्यात काच सलत होती. तिथं बसल्या-बसल्या मला मागच्या रांगेतली ती दोन दांडगी पोरं आठवली. एक पाटलाचा होता आणि दुसरा पाटलाच्या पुतण्याचा. गावात आम्ही उपरे होतो, पाटलांच्या खोलीत भाड्यानं राहत होतो, आणि त्यांनी मनात आणलं असतं तर तात्यांची कोकणच्या टोकाला बदली झाली असती. माझ्यात कसलीही खोट नव्हती. मी त्यांची हक्काची होते, एवढंच होतं. पन्नाशीला आलेल्या बाईला हे आटपाडीच्या फाट्यावर कळावं याचा मला भयंकर राग आला. मी तिथंच रस्त्याकडेचा एक दगड उचलून दिशादर्शक पाटीवर फेकून मारला. चहावाला बघतच राहिला.

पर्यवेक्षिकेला फोन केला तर तिनं आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "स्वतःच्याच मुलीला मारते ना? मग तक्रार कुणाची घेऊ? आणि तिला काढली तर तिथं दुसरी जी येईल ती एका कुठल्यातरी भावकीचीच येईल." मी मात्र मनाशी ठरवलं, की या पोरीच्या गालावरचा हात उतरवल्याशिवाय मी दुसरं प्रशिक्षण घेणार नाही. आमच्या संस्थेला मी वेगळं कारण सांगितलं आणि दर आठवड्याला त्या गावी जायला लागले.

सेविका शिकायला तयार होती. तिला मुलीला मारायचं नव्हतंच, तिला दुसरा रस्ता माहीत नव्हता. हात डोक्यावर ठेवायचं तिला फार पटलं. "हात डोक्यावर असलं की दुसरीकडं जात न्हाईत," म्हणाली. पहिल्या दिवशी ती डोक्यावर हात ठेवून उभी राहिली तेव्हा तिनं बोटं एकमेकांत घट्ट अडकवली होती. पोरांना आधी गंमत वाटली, मग सवय झाली. गुबगुबीत पोराला आम्ही ताटल्या वाटायचं काम दिलं. त्यानं कुणाला मारलं नाही त्या दिवशी त्याच्या आईला दारात थांबवून तसं सांगायचं ठरलं. पहिल्यांदा ती बाई घाबरलीच, आता काय केलं यानं म्हणून. चांगलं ऐकल्यावर तिनं पदरानं पोराचं नाक पुसलं. वर्ग हळूहळू ताळ्यावर येत होता.

पण ती मुलगी. जरा आवाज वाढला की ती उठायची, आईसमोर येऊन डोळे मिटून उभी राहायची. आई म्हणायची, "बस जा, बाळा." ती बसायची नाही. काहीतरी राहिलंय असं तिला वाटत असावं. मार मिळाला नाही की ती दिवसभर आईच्या हाताकडं बघत राहायची आणि खिचडी खायची नाही. मी तिला मांडीवर घ्यायला गेले तर ती ताठ व्हायची. मला ते ओळखीचं होतं. माझ्या पाठीवरून आईनं हात फिरवला की मीही तशीच ताठ व्हायचे.

त्या दिवशी मी खिडकीपाशी बसले होते. ठोकळ्यांवरून दोघांची जुंपली. गुबगुबीत पोरानं मनोरा लाथेनं उडवला आणि एकच गिल्ला झाला. सेविकेनं हात डोक्यावर ठेवले. निम्मी पोरं गप्प झाली. मुलगी उठून आईसमोर आली, गाल वर केला. "न्हाई बाळा," आई म्हणाली. तेवढ्यात ते गुबगुबीत पोरगं स्वतःच उठलं, चालत आलं आणि हातात होती नव्हती तेवढी ताकद लावून त्यानं मुलीच्या थोबाडीत मारली. मग सेविकेकडं वर बघून म्हणालं, "बाई, म्या मारली. आता गप बसू?"

तो खोडी काढत नव्हता. बाई विसरल्या होत्या ते काम त्यानं केलं होतं.

मुलीनं डोळे उघडले. आईचा मार तिच्या ओळखीचा होता, याचा नव्हता. तिनं त्याचा हात धरला आणि मनगटाच्या वर दात रोवले. तो किंचाळायला लागला तरी ती सोडेना. मदतनीसनं तिच्या जबड्यात दोन बोटं घालून हात सोडवला तेव्हा तिच्या ओठांवर रक्त होतं. पोराच्या हातावर दातांची पुरती चंद्रकोर उठली होती. आणि आईचा हात मुलीवर उठला. मी बघत होते. खांद्याच्या वर गेला, बोटं ताठ झाली. मला तिथवर पोचता आलं नसतं. मग तो हात तसाच आणखी वर गेला आणि डोक्यावर जाऊन बसला. दुसराही गेला. डोक्यावर हात ठेवून ती रडत होती. पोरांनी एकेक करत हात डोक्यावर ठेवले. गुबगुबीत पोरगंही रडता-रडता एक हात डोक्यावर ठेवून उभं होतं.

"आता त्येंची मानसं येत्यात," मदतनीस म्हणाली. "दार लावून घ्या."

"दार लावून काय हुतंय," सेविका म्हणाली आणि पोराचा हात धुवायला बसली.

पोराचा चुलता आला. फौजेतून सुटून आलेला, अंगानं आडदांड. बागेतनं तसाच उठून आला होता, हातात ठिबकच्या नळीचा तुकडा. दारातच त्यानं पुतण्याचा हात उलटा-सुलटा करून बघितला. "कोन चावलं?"

"माजी पोरगी," सेविका म्हणाली. "तुमच्या पोरानं आदी तिला मारली."

चुलत्यानं मुलीकडं बघितलं, मग बाहेर जमलेल्या माणसांकडं. त्यालाही फार वाढवायचं नसावं. आवाज उतरवून म्हणाला, "बाई, असं करा. एक लगावा तिला माझ्या म्होरं. मामला खतम."

एक थोबाडीत. त्या खोलीत रोज दोन-तीनदा घडत आलेली गोष्ट. ती एक दिली असती तर माणसं घरी गेली असती, नवऱ्याचे उरलेले दात शाबूत राहिले असते, पगार चालू राहिला असता. मी सेविकेकडं बघत होते आणि मला वाटत होतं, आता ही देणार. मला तिला दोषही देता आला नसता.

"न्हाई देत," ती म्हणाली.

"काय म्हनलीस?"

"माजी पोरगी हाय. न्हाई मारत."

त्यानं खिचडीच्या पातेल्याला लाथ घातली. गरम खिचडी सतरंजीवर पसरली, मदतनीसच्या पायावर उडाली, पोरं भिंतीला चिकटली. मी मध्ये घुसून नळीचं टोक धरलं. "मॅडम, तुमी पाव्हण्या हाय, मधी पडू नका," म्हणत त्यानं नुसता हात झटकला तर मी दाराच्या चौकटीवर जाऊन आदळले आणि कोपर सोलून निघालं. त्यानं नळी उगारली. आणि आईच्या मागं उभी असलेली ती मुलगी पुढं आली, त्या धिप्पाड माणसासमोर उभी राहिली, डोळे मिटले आणि गाल वर केला.

आईनं तिला दंडाला धरून फिरवलं, तिचं तोंड आपल्या पोटात दाबलं आणि पाठ त्याच्याकडं केली. नळी पाठीवर बसली. आवाज झाला, ब्लाऊजच्या काठाखाली लाल वळ उठत गेलेला मला दिसला. तिनं पोरीला सोडलं नाही. दुसऱ्यांदा नळी वर गेली आणि तशीच राहिली. खोलीतली सगळी पोरं, त्याचा पुतण्याही, डोक्यावर हात ठेवून त्याच्याकडं बघत होती. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वर्ग हाताबाहेर गेला की काय करायचं ते त्यांना माहीत होतं.

तो नळी टाकून गेला. जाताना 'लय शानी झालीस' वगैरे म्हणाला. गावात आठवडाभर कुजबुज चालली, आणि सेविका रोज नवऱ्याला फोन करून येऊ नका म्हणून सांगत होती. पोलिसांत जा म्हणून मी तिच्या मागं लागले, पण ती गेली नाही. मला ते अजून पटलेलं नाही. मग एका सकाळी गुबगुबीत पोराची आई त्याला दारात सोडून डाळिंब तोडायला निघून गेली. पोराला दुसरीकडं ठेवणार कुठं?

मुलगी अजून उठते. आवाज वाढला की अर्धवट उठते आणि आईकडं बघते. आई म्हणते, "बस, बाळा." हल्ली ती बसते. परवा तिनं खिचडी मागून घेतली.

त्या दिवशी मी कोपराला पट्टी बांधून साताऱ्याला घरी आले तेव्हा तात्या जेवायला थांबले होते. ते आता माझ्याकडंच असतात. हात कापतो, म्हणून मी त्यांना भाकरी कुस्करून देते. माझी पिशवी तिथंच पडली होती आणि तिच्यातून फूटपट्टी डोकावत होती. ती त्यांनी ओळखली. "ही अजून आहे तुझ्याकडं?" म्हणाले. मी त्यांना त्या पोरीची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून. गाल बदलून पुढं करायची तेसुद्धा. पाटलाचं नाव मी काढलं नाही, तशी गरजही नव्हती. ते ताटाकडं बघत ऐकत होते.

मग म्हणाले, "तू कधी रडली नाहीस. मला वाटायचं, तुला लागत नसेल."

"लागायचं, तात्या," मी म्हणाले.